शून्य ते शंभर: छापील आकडा आणि त्यामागच्या अटी

गेल्या महिन्यात माझा भाचा दोन मोटारींची माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही गाड्या त्याने चालवून पाहिल्या होत्या आणि आसन, स्टिअरिंगची पकड, गिअर पडताना हाताला जाणवणारी सफाई या सगळ्या बाबतींत त्याला पहिली गाडी मनापासून आवडली होती. मात्र तिच्या माहितीपत्रकात शून्य ते शंभर किलोमीटर वेगासाठी ७.४ सेकंद छापले होते आणि दुसरीच्या माहितीपत्रकात ७.१. "मामा, तीन दशांश म्हणजे बराच फरक झाला ना?" असे त्याने विचारले, तेव्हा मला त्याला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता आले नाही. त्या दोन आकड्यांची तुलना करता येते की नाही, हेच आधी ठरवावे लागणार होते. त्या संध्याकाळी आमचे जे बोलणे झाले आणि त्यानंतर मी जे पुन्हा तपासून पाहिले, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण या एका आकड्यावर लोक हजारो वेळा वाद घालतात आणि तो कसा मोजला गेला याची चौकशी मात्र क्वचितच करतात.

गाडीची लांबी किंवा डिकीची क्षमता हे गाडीचे गुण आहेत. कोणीही, कोठेही मोजले तरी ते तेच येतात. आपण ज्याला पिकअप म्हणतो त्याचा छापील आकडा या जातीचा नाही. तो एका विशिष्ट गाडीने, विशिष्ट हवेत, विशिष्ट रस्त्यावर, विशिष्ट चालकाच्या हाती आणि मोजण्याच्या एका विशिष्ट रिवाजानुसार नोंदवलेला निकाल असतो. इंधनाच्या वापराचा जाहीर आकडा ठरावीक चाचणीचक्रावर काढावा लागतो, ते चक्र सर्वांना सारखे असते आणि त्यावर सरकारी यंत्रणेची नजर असते. शून्य ते शंभरच्या आकड्याला असे बंधन नाही. कंपनी तो प्रत्यक्ष चाचणीतून काढू शकते, गाडी उत्पादनात जाण्यापूर्वी संगणकावरील प्रतिरूपातून काढू शकते, किंवा चाचणीत आलेल्या आकड्यात स्वतःच्या सोयीने थोडी भर घालून छापू शकते. या तिन्ही रीती सर्रास चालतात आणि माहितीपत्रकावर त्यांतील कोणती वापरली हे बहुधा लिहिलेले नसते.

सर्वांत मोठी गफलत 'शून्य' या शब्दातच आहे. उभ्या गाडीने हालचाल सुरू केली त्या क्षणी घड्याळ सुरू झाले, असे सर्वसामान्य वाचक गृहीत धरतो. अमेरिकी मोटार नियतकालिकांत मात्र अनेक दशकांपासून वेगळा रिवाज आहे, आणि त्याचे मूळ ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या मार्गावर आहे. तेथे सुरुवातीच्या रेषेवर जमिनीपासून थोड्या उंचीवर प्रकाशाचा एक किरण आडवा सोडलेला असतो. गाडी पुढे घेताना पुढचा टायर तो किरण अडवतो आणि गाडी सुटल्यावर टायरची मागची कड किरणाच्या पलीकडे गेली की घड्याळ सुरू होते. तोवर गाडी साधारण एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर, पुढे गेलेली असते. या फुकटच्या अंतराला रोलआउट म्हणतात. आता उपग्रहाच्या साहाय्याने वेग मोजणारी उपकरणे आहेत, त्यामुळे किरणाची गरज उरलेली नाही; तरीही ड्रॅग स्ट्रिपवरील आकड्यांशी मेळ राहावा म्हणून ही नियतकालिके पहिल्या एका फुटाला लागलेला वेळ एकूण वेळातून वजा करतात.

एक फूट ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून मी भाच्याला कागदावर हिशेब करून दाखवला. सुटताना गाडीचे त्वरण दर सेकंदाला सेकंदागणिक ४ मीटर आहे असे धरले, तर पहिला फूट पार करायला तिला ०.३९ सेकंद लागतात आणि तोवर तिचा वेग ताशी ५.६ किलोमीटर झालेला असतो. त्वरण १० मीटर असेल, म्हणजे अत्यंत वेगवान गाडी असेल, तर ०.२५ सेकंद लागतात आणि वेग ताशी जवळजवळ ९ किलोमीटर झालेला असतो. म्हणजेच अमेरिकेत ज्याला 'शून्य ते साठ मैल' म्हटले जाते ते प्रत्यक्षात ताशी साडेपाच ते नऊ किलोमीटरपासून साठ मैलांपर्यंत असते. दहा सेकंदांच्या गाडीत या वजाबाकीने तीन-चार टक्क्यांचा फरक पडतो. दोन सेकंदांच्या गाडीत तो दहा टक्क्यांच्या पुढे जातो. गाडी जितकी वेगवान, तितका हा रिवाज आकड्याला अधिक चमक आणतो, आणि जेथे एक-एक शतांशासाठी चढाओढ चालते नेमक्या तेथेच तो सर्वाधिक बोलतो.

टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शून्य ते साठ मैल १.९९ सेकंद हा तिचा आकडा जगभर गाजला. त्याच्याशी जोडलेल्या तळटीपेत रोलआउट वजा केल्याचे कंपनीने स्वतः नमूद केले होते, परंतु तळटीप आकड्याइतकी गाजली नाही. २०२१ मध्ये मोटर ट्रेंड या नियतकालिकाने हीच गाडी तपासली, तेव्हा टायरची पकड वाढवणारे चिकट द्रव्य फवारलेल्या ड्रॅग स्ट्रिपवर तिला १.९८ सेकंद लागले आणि साध्या डांबरावर २.०७ सेकंद लागले. रोलआउट दोन्ही वेळा वजा केलेला होता. तो जमेस धरला तर वेळ दोन सेकंदांच्या बराच वर जातो. गाडी विलक्षण वेगवान आहे यात मला तिळमात्र शंका नाही. मुद्दा एवढाच की 'दोन सेकंदांच्या आत' ही ओळ पकड वाढवलेला रस्ता आणि वजा केलेला एक फूट या दोन अटींवर उभी आहे, आणि या अटी न सांगता तिची तुलना एखाद्या युरोपीय कंपनीच्या शून्य ते शंभरच्या आकड्याशी करणे चूक आहे.

रोलआउट हा प्रकार मला मुळातच अप्रामाणिक वाटतो, असे नाही. पाव मैलाची वेळ सांगताना तो वजा करणे रास्त आहे, कारण त्या शर्यतीचा नियमच तसा आहे. 'शून्य ते' असे शब्द वापरून तो वजा करणे मात्र मला पटत नाही. ज्याला तो वापरायचाच असेल त्याने आकड्याशेजारीच तसे स्पष्ट लिहावे. रिमॅक कंपनीने २०२३ मध्ये जर्मनीतील पापेनबुर्ग येथील चाचणी मार्गावर नेवेरा या विजेवरील गाडीचे तेवीस विक्रम एका दिवसात नोंदवले, तेव्हा ड्यूसॉफ्ट आणि रेसलॉजिक या दोन स्वतंत्र उपकरणनिर्मात्यांकडून मोजणी करून घेतली आणि साठ मैलांच्या १.७४ सेकंदांसोबत एक फुटाचा रोलआउट वजा केल्याचे सांगितले. मला असा आकडा वाचायला आवडतो, कारण त्याची शहानिशा करता येते.

शेवटच्या टोकाचा घोळ त्या मानाने सोपा आहे, तरी तोही ध्यानात ठेवावा लागतो. साठ मैल म्हणजे ताशी ९६.५६ किलोमीटर, शंभर नव्हे. उरलेले साडेतीन किलोमीटर गाठायला अतिवेगवान गाडीला सेकंदाचा दहावा हिस्सा लागेल, पण दहा-अकरा सेकंदांच्या गाडीला अर्धा सेकंदही लागू शकतो, कारण त्या वेगाला तिचा जोर बराच ओसरलेला असतो. शिवाय गिअरचा प्रश्न असतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची कमाल फेरसंख्या ताशी ९८ किलोमीटरला येत असेल, तर ती गाडी साठ मैल दुसऱ्यातच गाठते, परंतु शंभरसाठी तिला तिसरा गिअर टाकावा लागतो. हाताने गिअर बदलताना ताकदीचा प्रवाह क्षणभर तुटतो आणि सेकंदाचे दोन-तीन दशांश तेथेच जातात. काही कंपन्या गिअरचे प्रमाण मुद्दाम असे ठेवतात की ही सीमारेषा एका गिअरने कमी बदलून ओलांडली जावी. त्यातून आकडा सुधारतो, रोजच्या चालवण्यात मात्र त्याचा फायदा जाणवेलच असे नाही.

ही सगळी माहिती मला वाचनातून होतीच, पण तिचा अर्थ खऱ्या अर्थाने समजला तो स्वतःची गाडी मोजली तेव्हा. काही वर्षांपूर्वी आमच्यासारख्या हौशी मंडळींनी वापरात नसलेली एक जुनी धावपट्टी रीतसर परवानगी काढून एका सकाळसाठी मिळवली होती. माझ्या तेव्हाच्या गाडीचा छापील आकडा १०.९ सेकंद होता. मी काचेला आतून उपग्रहावर चालणारे मोजणी उपकरण लावले आणि शेजारी बसलेल्या मित्राने त्याच धावांमध्ये वेगदर्शक काट्याचे चित्रीकरण केले. अशा दोन्ही पद्धतींनी एकाच धावेची नोंद झाली, आणि माझ्या दृष्टीने त्या सकाळची खरी कमाई हीच होती.

चित्रीकरण सावकाश चालवून पाहिले, तेव्हा काटा शंभरावर पोहोचायला सरासरी १०.७ सेकंद लागल्याचे दिसले. माझी गाडी कंपनीच्या दाव्याहूनही चपळ निघाली म्हणून मित्राने माझ्या पाठीवर थाप मारली. उपकरणाने त्याच धावांची सरासरी ११.४ सेकंद दाखवली. दोन्हींतील एक चूक असणार असे आम्हाला वाटले, म्हणून प्रत्येक क्षणाची नोंद शेजारी-शेजारी मांडून पाहिली. काटा शंभर दाखवत होता तेव्हा उपग्रहानुसार गाडीचा वेग ९६ होता. यात गाडीचा दोष काहीच नाही. वेगदर्शकाविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ असे सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये; जास्त दाखवण्याची मुभा खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इतकी आहे. खरा वेग शंभर असताना काटा ११४ दाखवत असेल तरी तो नियमात बसतो. कमी दाखवण्याचा धोका टाळण्यासाठी उत्पादक काटा थोडा पुढेच ठेवतात. काट्याकडे पाहून घेतलेल्या चित्रफितींवर 'खरा आकडा' म्हणून विश्वास ठेवणाऱ्यांनी एवढे जरूर लक्षात घ्यावे की त्या जवळपास नेहमी गाडीच्या बाजूने झुकलेल्या असतात. पुढची चाके सुटताना जागेवरच फिरली, तर काटा चाकांचा वेग दाखवतो, गाडीचा नव्हे, आणि फरक आणखी वाढतो.

त्या नोंदींत दुसरी एक गोष्ट दिसली आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटली. एका दिशेच्या धावा ११.२ सेकंदांच्या आसपास होत्या आणि उलट दिशेच्या ११.६ च्या आसपास. वारा पडलेला होता. धावपट्टी डोळ्यांना ताटासारखी सपाट दिसत होती. उपकरणाने उंचीची नोंदही घेतली होती आणि तीवरून कळले की तिला सुमारे अर्धा टक्का उतार आहे, म्हणजे दोनशे मीटरमध्ये फक्त एक मीटर. अकरा सेकंदांच्या गाडीचे सरासरी त्वरण दर सेकंदाला सेकंदागणिक अडीच मीटर असते. अर्ध्या टक्क्याचा उतार त्यात पाच सेंटिमीटरची भर घालतो किंवा तितकीच घट करतो, म्हणजे दोन टक्के, म्हणजे एका दिशेला सेकंदाचे दोन दशांश. जाता-येता मिळून चार दशांश. डोळ्यांनी दिसतही नाही अशा उताराने माझ्या भाच्याच्या तीन दशांशांहून मोठा फरक पाडला होता! दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी घेण्याचा आग्रह जाणकार का धरतात, हे त्या दिवशी मला पुरते समजले. उतार एक टक्का झाला की काही मोजणी उपकरणे ती धाव अवैध ठरवतात, तेही योग्यच आहे.

छापील १०.९ आणि आमचे ११.४ यांतला अर्धा सेकंद उरला, त्याचे स्पष्टीकरण फारसे अवघड नव्हते. गाडीत आम्ही दोघे होतो आणि टाकी भरलेली होती. बाराशे किलोच्या गाडीत दीडशे किलोची भर पडली तर भार साडेबारा टक्क्यांनी वाढतो आणि वेळही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. काही परीक्षक चालक एकटाच बसवून मोजतात, काही शेजारी दुसरी व्यक्ती बसवतात. ऊनही चढले होते. हवेचे तापमान १० अंशांवरून ४० अंशांवर गेले तर तिची घनता सुमारे दहा टक्क्यांनी उतरते आणि इंजिनात जाणारा प्राणवायू तेवढ्याने कमी होतो. समुद्रसपाटीपासूनची उंचीही अशीच काम करते: टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र, नसलेल्या इंजिनाची शक्ती दर तीनशे मीटरला सुमारे तीन टक्क्यांनी घटते. टर्बो असलेले इंजिन ही घट बऱ्याच अंशी भरून काढते. त्यामुळे उंचावर तपासलेल्या दोन गाड्यांचा क्रम सखल भागात उलटाही होऊ शकतो. काही परीक्षक अशा आकड्यांना प्रमाणित हवामानानुसार दुरुस्ती लावतात, काही लावत नाहीत. दुरुस्ती लावलेली चांगली की न लावलेली चांगली यावर दुमत असू शकते. ती लावली आहे की नाही हे वाचकाला कळलेच पाहिजे, यावर दुमत असू नये.

पूर्वीचे लोक हे सगळे कसे मोजत असतील याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. उपग्रहांच्या आधी परीक्षक गाडीच्या मागे सायकलच्या चाकासारखे एक पाचवे चाक जोडत आणि त्याच्या फिरण्यावरून खरा वेग काढत. इंजिनाशी त्या चाकाचा संबंध नसल्याने ते जागेवर फिरत नसे, ही त्याची खुबी होती. त्याआधी तर हातातले स्टॉपवॉच होते. बटण दाबणाऱ्या बोटालाच दशांश-दोन दशांश सेकंद लागतात हे ध्यानात घेतले, तर त्या काळातील आकडे दुसऱ्या दशांश स्थानापर्यंत वाचण्यात अर्थ नाही.

चालकाचा वाटा किती असतो हे नुसते सांगून पटत नाही. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत परीक्षक इंजिन चार-पाच हजार फेऱ्यांवर नेतात आणि क्लचवरचा पाय एकदम काढतात. चाके थोडी घासावीत पण फार फिरू नयेत, इतका नेमका बिंदू सापडेपर्यंत ते पुन्हा पुन्हा तेच करतात. पाच-सहा धावांनंतर क्लचचा जळका वास गाडीत भरतो. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या गाडीशी असे वागणारा मालक विरळाच. म्हणून छापील आकडा हा गाडीच्या क्षमतेची वरची कड दाखवतो, मालकाला रोज काय मिळेल ते दाखवत नाही. कार अँड ड्रायव्हर हे नियतकालिक यावर एक चांगला उपाय म्हणून ताशी पाच मैलांच्या संथ वेगात असताना एकदम पाय दाबून साठ मैलांपर्यंतची वेळ स्वतंत्रपणे देते. क्लच नाही, आधी फिरवून ठेवलेले इंजिन नाही, लाँच कंट्रोल, म्हणजे सुटताना जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही. लहान इंजिन आणि मोठा टर्बो असलेल्या गाड्यांमध्ये ही वेळ शून्यापासूनच्या वेळेपेक्षा एका सेकंदाहूनही जास्त भरते, कारण टर्बोला दाब तयार करायला लागणारा वेळ आता लपवता येत नाही. मला विचाराल तर चौकातून वळून मुख्य रस्त्याला लागणाऱ्या सामान्य चालकाच्या दृष्टीने हाच आकडा अधिक कामाचा आहे, आणि नेमका तोच कोणी जाहिरातीत छापत नाही.

आता तपासलेली गाडी आणि दुकानात मिळणारी गाडी एकच आहे का, हा प्रश्न. इतिहासात याचे उत्तर नेहमीच 'हो' असे आलेले नाही. मार्च १९६४ च्या अंकात कार अँड ड्रायव्हरने पॉन्टिॲक जीटीओची वेळ शून्य ते साठ मैल ४.६ सेकंद दिली होती. त्या काळातील टायर पाहता हा आकडा अचंबित करणारा होता आणि जीटीओची कीर्ती पसरण्यात त्याचा मोठा वाटा होता. पॉन्टिॲकची जाहिरात सांभाळणारे जिम वँगर्स यांनी पुढे कित्येक वर्षांनी कबूल केले की त्या गाडीत ग्राहकांना मिळणारे ३८९ घन इंचांचे इंजिन नव्हते, तर ४२१ घन इंचांचे होते. बाहेरून दोन्ही इंजिने जवळपास सारखीच दिसत. परीक्षकांनी मोजण्यात लबाडी केली नव्हती. त्यांनी बिनचूक मोजले, पण भलतीच गाडी मोजली. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपबद्दलही असेच आहे: पत्रकारांना दिलेली गाडी खास तयार केलेली होती आणि तिने गाठलेला ताशी दीडशे मैलांचा वेग दुकानातून घेतलेल्या गाड्यांना सहसा गाठता आला नाही. तो कमाल वेगाचा विषय आहे, पण घडण तीच आहे. म्हणून ज्या परीक्षकाने गाडी कंपनीकडून न मागवता बाजारातून विकत घेतली असेल किंवा एखाद्या मालकाकडून मिळवली असेल, त्याच्या आकड्याला मी अधिक वजन देतो.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. काही कंपन्या आकडा फुगवत नाहीत, उलट हातचा राखून सांगतात. पोर्शेने २०२० च्या ९११ टर्बो एसचा साठ मैलांचा आकडा २.६ सेकंद जाहीर केला आणि कार अँड ड्रायव्हरने २.२ मोजला. त्या चार दशांशांतील काही भाग रोलआउटचा आहे, तरीही उरलेला फरक गाडीच्या बाजूचा राहतो. असे करण्यामागे विनय असतो की व्यवहार, हे मी सांगू शकत नाही, परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे: उन्हाळ्यात, साध्या पेट्रोलवर, कारखान्यातून बाहेर पडलेल्या कोणत्याही गाडीला जो आकडा गाठता यावा तो छापणे आणि एका गाडीने सर्वोत्तम दिवशी जो आकडा गाठला तो छापणे, या दोन वेगळ्या प्रतिज्ञा आहेत. माहितीपत्रकात दोन्ही एकाच अक्षरांत छापल्या जातात.

विजेवरच्या गाड्यांनी चालकाचा वाटा जवळपास पुसून टाकला. क्लच नाही, गिअर नाही, पाय दाबायचा एवढेच काम. त्यामुळे आता आकडे निर्विवाद होतील असे मला वाटत होते, पण बॅटरी ही नवी अट आली. बॅटरी भरलेली आणि योग्य तापमानावर असेल तेव्हाच ती पूर्ण जोर देते; ती थंड असेल किंवा अर्ध्याखाली उतरली असेल तर तीच गाडी त्याच रस्त्यावर मंदावते. काही गाड्यांत सर्वोत्तम वेळ मिळवण्यासाठी आधी काही मिनिटे बॅटरी तापवत उभे राहावे लागते. या पार्श्वभूमीवर २०१९ मध्ये पोर्शेने टायकानच्या चाचणी नमुन्याकडून जे करवून घेतले ते मला एकेका विक्रमापेक्षा जास्त बोलके वाटते: शून्य ते ताशी दोनशे किलोमीटर अशा सलग सव्वीस धावा, आणि त्यांतील सर्वांत वेगवान व सर्वांत संथ धावेत फक्त ०.८ सेकंदाचे अंतर. कंपनीनेच करवलेली चाचणी असली तरी तिने योग्य प्रश्न विचारला होता. सव्विसाव्या वेळी गाडी काय करते, हे एका वेळच्या आकड्यातून कधीच कळत नाही.

भाच्याच्या दोन गाड्यांकडे परत येतो. माहितीपत्रके बाजूला ठेवून आम्ही एकच नियतकालिक निवडले, ज्याने दोन्ही गाड्या आपल्याच मार्गावर, आपल्याच उपकरणाने आणि आपल्याच रिवाजाने मोजल्या होत्या. एका परीक्षकाच्या पद्धतीत खोट असली तरी ती दोन्ही गाड्यांना सारखीच लागते. तेथेही पहिली गाडी शंभरला दोन-तीन दशांशांनी मागेच होती, म्हणजे माहितीपत्रकांनी थाप मारली नव्हती. मग मी त्याला पाव मैलाच्या अखेरीस नोंदवलेला वेग पाहायला सांगितला. हा वेग शेवटच्या वीस मीटरवर मोजला जातो, सुटताना चाके किती घसरली याचा त्याच्यावर फार थोडा परिणाम होतो आणि शक्ती व वजन यांच्या प्रमाणाचा तो चांगला साक्षीदार असतो. म्हणूनच सुटण्यातली गंमत बाजूला काढून इंजिनाचा दम पाहायचा असेल, तेव्हा जुने जाणकार वेळेआधी हा वेग विचारतात. दोन्ही गाड्यांच्या वेगात ताशी एक किलोमीटरचाही फरक नव्हता.

"मग ते तीन दशांश कुठे गेले?" भाच्याने विचारले. आम्ही प्रत्येक गिअरमधील कमाल वेगाचा तक्ता काढला. त्याला न आवडलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १०३ पर्यंत जात होती. आवडलेली गाडी ९७ ला थांबत होती आणि शंभर गाठण्याआधी तिला तिसरा गिअर टाकावा लागत होता. ताशी ८० ते १२० च्या रकान्यात, जेथे दोन्ही गाड्या आधीपासून एकाच गिअरमध्ये होत्या, आवडलेली गाडीच पुढे होती.